म्हातारपण मोजायला लोंढ्याला या: बेळगावच्या दोन कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
कुलगुरू, राणी चन्नम्मा विद्यापीठ, बेळगाव
आणि
कुलगुरू, केएलई अकादमी ऑफ हायर एज्युकेशन अँड रिसर्च, बेळगाव



२००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत एक अभ्यास झाला. जागा होती खेड्यातली घरं आणि उपकेंद्रं. बाळंतपणं करणाऱ्या होत्या गावोगाव फिरणाऱ्या नर्सबाई. केएलईच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी त्यांच्या हाती दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे मिसोप्रोस्टॉल नावाच्या स्वस्त गोळ्या. दुसरी, बाळंतिणीखाली अंथरायचं प्लास्टिक, ज्याच्या टोकाला मापाच्या रेघा असलेली पिशवी होती. बाळंतपणात किती रक्त गेलं हे तोवर नजरेच्या अंदाजानंच ठरायचं. पिशवीनं दाखवून दिलं की नजर फार कमी धरते. अभ्यासात १,६२० बायका होत्या. ज्यांना गोळी मिळाली नाही त्यांच्यात अतिरक्तस्रावाचं प्रमाण शंभरात बारा निघालं, गोळी घेतलेल्यांत ६.४. २००६ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बाळंतपणातला रक्तस्राव टाळण्यासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

बेळगावच्या खेड्यांतल्या नर्सबाईंनी भरलेल्या त्या नोंदी जगाच्या कामी आल्या. या भागातल्या माणसाला याचा अभिमान वाटतो आणि वाटायलाच हवा.

त्या वेळी बावीस-तेविशीत असलेल्या त्या आया आता पंचेचाळिशीच्या घरात आल्या आहेत. देशात म्हातारपणाचा जो सगळ्यात मोठा अभ्यास झाला, तो नेमका याच वयापासून माणसं मोजतो. मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस आणि त्यापुढच्या वयाच्या बहात्तर हजारांहून अधिक लोकांची पहिली पाहणी केली. 'लासी' या नावानं ती ओळखली जाते. साठीपुढच्या चौघांपैकी तिघांना कोणता ना कोणता जुनाट आजार आहे, असं तिनं सांगितलं. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे लोक होते सुमारे १०.४ कोटी, म्हणजे शंभरात ८.६. तेव्हापासून हा आकडा वाढतोच आहे.

ज्या जिल्ह्यानं आईचं रक्त मोजलं, त्यानं आता तिची पाठ, तिचे गुडघे, तिची फुफ्फुसं आणि तिची स्मृती मोजावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे. आपल्या दोन विद्यापीठांनी मिळून म्हातारपण, कामाच्या जागचं आरोग्य आणि गाव या तिन्हींचा एकत्र विचार करणारं एक संशोधन केंद्र उभारावं. ते वीस वर्षं तरी चालावं. त्याची कामाची जागा बेळगावच्या आवारात नसावी. एक तुकडी निपाणीला आणि एक लोंढ्याला असावी.

तिन्ही विषय एकत्रच का, याचं उत्तर निपाणीत बिडी वळणाऱ्या बाईच्या शेजारी तासभर बसलं की मिळतं. मांडीवर सूप, सुपात जर्दा, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पत्र्याचं माप पानावर ठेवायचं, कात्रीनं कापायचं, चिमूटभर जर्दा भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा, टोक बोटानं दुमडायचं. की लगेच पुढची. मजुरी हजारावर मिळते, त्यामुळे हात थांबला की पैसा थांबतो. मान खाली, पाठ वाकलेली, पाय दुमडलेले, आणि तासन्‌तास नाकासमोर तंबाखूची धूळ. निकोटिन कातडीतून अंगात जातं, त्यासाठी बिडी ओढावी लागत नाही. या बाईला निवृत्तीचं वय नाही. डोळ्यांना दोरा दिसेनासा झाला किंवा बोटं वळेनाशी झाली, की त्या दिवशी ती म्हातारी झाली. ते वय सरकारी कागदावरच्या साठीच्या कितीतरी अलीकडे येतं. तिच्या म्हातारपणाचा अभ्यास साठीला सुरू केला तर हाती लागेल तो शेवटचा तुकडा.

निपाणीच्या या बायका अभ्यासाला नवख्या नाहीत. प्रा. सुभाष जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांना संघटित केलं, आणि १९८२ मध्ये दीपा धनराज यांच्या 'युगांतर' गटानं त्या लढ्यावर माहितीपट केला. छाया दातार यांनी त्याच बायकांच्या संघटनेवर लिहिलेलं इंग्रजी पुस्तक १९८९ मध्ये आलं. त्या लढ्यात मजुरी होती, कामाचे तास होते, मुकादमाची वागणूक होती. शरीराची नोंद मात्र एका पाहणीत होत नाही. खोकला कधी सुरू झाला, दम कधी लागायला लागला, पाठदुखीनं कधी उचल खाल्ली, हे एकाच बाईला दर दोन वर्षांनी पुन्हा विचारलं तरच कळतं.

निपाणीत तंबाखूच्या रोपावर संशोधन करणारं केंद्र आहे. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाचं ते केंद्र बिडी तंबाखूच्या वाणांवर काम करतं, आणि शेतकऱ्याला त्याचा उपयोग होतो. रोपाच्या मागे विद्यापीठ उभं राहू शकतं, तर ते रोप सुकल्यावर, चाळल्यावर, कुटल्यावर ज्यांच्या छातीत जातं त्यांच्या मागेही उभं राहावं. यात अपूर्व असंही काही नाही. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये रजनी भिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात बिडी उद्योगातल्या कामगारांचं रक्त आणि लघवी तपासली. तंबाखूवर प्रक्रिया करणाऱ्या कामगारांच्या रक्तपेशींत गुणसूत्रांची मोडतोड जास्त आढळली. प्रयोगशाळेनं तिचं काम केलं. त्या पेशींच्या मालकिणींचं पुढं वीस-तीस वर्षांत काय झालं, हे सांगायला शेजारचं विद्यापीठच लागतं, कारण मुंबईची माणसं दर दोन वर्षांनी निपाणीला येणार नाहीत.

आणखी एक गोष्ट या वेळेला महत्त्वाची आहे. १९७६ च्या कायद्यानं बिडी कामगार कल्याण निधी उभा राहिला. बिडीवरच्या उपकरातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरांसाठी मदत मिळायची. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तो उपकर बंद झाला. आता या योजनांना पैसा द्यायचा तो सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीतून, म्हणजे दरवर्षी मागून. मागताना हातात आकडे लागतात. कामगार संघटनेचा निवेदनाचा कागद आणि विद्यापीठाचा वीस वर्षांचा अभ्यास यांना मंत्रालयात सारखीच खुर्ची मिळत नाही, हे आपण जाणताच.

बेळगाव शहराच्या कडेला उद्यमबाग आणि मच्छे इथल्या फाउंड्र्यांत गोष्ट धुळीचीच, फक्त धूळ वेगळी. साच्याची वाळू मोडताना, ओतीव माल घासून साफ करताना सिलिकाचे बारीक कण उडतात. ते फुफ्फुसात बसले की निघत नाहीत. सिलिकोसिसवर औषध नाही. एक्स-रेमध्ये तो क्षयासारखा दिसतो, आणि अनेक कामगार महिनोन्‌महिने क्षयाच्या गोळ्या खात राहतात. खानापूरच्या कौलांच्या आणि मातीच्या कामात, वडगाव-शहापूरच्या मागांच्या खटखटाटात वयं घालवलेली माणसं याच रांगेत आहेत. मागावरच्या विणकराला साठीत ऐकू कमी येतं तेव्हा घरचे म्हणतात, वय झालं. त्यातलं वयाचं किती आणि मागाचं किती, हे कानाच्या तपासणीनं सांगता येतं. पण ती तपासणी तो पस्तिशीचा असताना झालेली असावी लागते.

आता लोंढा.

इथं रेल्वेचं जंक्शन आहे. मिरज-बेळगावकडून हुबळीला जाणारा मार्ग, आणि इथून फुटून कॅसलरॉकवरून ब्रागांझा घाट उतरून गोव्याला जाणारा. घाटात १:३७ चा चढ. या रुळांवर पिढ्यान्‌पिढ्या माणसं राबली: कीमन, गँगमन, पॉइंट्समन, इंजिन ड्रायव्हर, गार्ड. पावसात रोज कित्येक किलोमीटर रूळ चालत तपासणारा कीमन निवृत्त होतो तेव्हा त्याचे गुडघे आणि त्याची कंबर एक इतिहास सांगत असतात. आणि तो इतिहास लिहिलेलाही आहे. गाडीच्या सुरक्षिततेशी संबंध असलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याची भरती होताना आणि त्यानंतर ठरावीक वर्षांनी वैद्यकीय तपासणी होते: डोळे, रंगाची ओळख, रक्तदाब, साखर. असंघटित कामगाराच्या बाबतीत जे शून्यातून गोळा करावं लागेल, ते इथं रेल्वेच्या फायलींत पडून आहे. रेल्वेशी रीतसर करार करून, माणसांची संमती घेऊन त्या नोंदी वापरता आल्या, तर कष्टाचं काम आणि म्हातारपण यांचा संबंध शोधायला लोंढ्याइतकी सोयीची जागा मिळणं अवघड. एकाच गावात एका घरी पेन्शन आणि वैद्यकीय कार्ड असलेला निवृत्त कीमन, दुसऱ्या घरी त्याच्याच वयाचा, जंगलात आणि शेतात राबलेला, हाती काही नसलेला माणूस. दोघांची हवा एक, पाणी एक, पाऊस एक. फरक कामाचा आणि आधाराचा.

गोव्याच्या वाटेवर असल्यानं लोंढ्याला आणखी एक गोष्ट दिसते. इथले आणि बेळगावच्या इतर भागातले मजूर हंगामात गोव्याला कामाला जातात. २०१६ मध्ये बेळगाव भागातून गोव्याच्या काजूच्या बागांत गेलेल्या मजुरांना माकडताप झाल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या तपासणीत निघालं. काजू गोळा करताना पाचोळ्यातल्या गोचिडी चावतात आणि आजार देतात. ताप घेऊन माणूस परततो आपल्या गावी, कारण आजारी पडल्यावर घर आठवतं. आजार एका राज्यात जडला, उपचार दुसऱ्या राज्यात झाले. डॉक्टरनं 'काय होतंय' याच्याबरोबर 'कुठं कामाला होतात' हे विचारलं, तेव्हाच धागा सापडला. हा एक प्रश्न प्रत्येक केसपेपरावर छापला गेला, तरी आपल्या केंद्राचं पहिलं वर्ष सत्कारणी लागेल.

सीमाभागातल्या म्हाताऱ्या माणसाचा दवाखाना सीमा मानत नाही. लोंढ्याचा रुग्ण बेळगावला जातो, हुबळीला जातो, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला जातो. निपाणीचा कोल्हापूरला. गोव्यानं २०१८ पासून बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, तेव्हा कर्नाटकानं त्यावर आक्षेप घेतला. त्या वादात कोण बरोबर, यासाठी न्यायालयं आहेत. संशोधकानं बघायचं ते वेगळं: सत्तरीतली बाई एका वर्षात किती दवाखान्यांत गेली, किती राज्यांत गेली, प्रत्येक ठिकाणी तपासण्या नव्यानं कराव्या लागल्या का, आणि त्यात किती पैसे गेले. फक्त एका राज्याची आकडेवारी जमवणारा अभ्यास तिला अर्धीच पाहील. निपाणीच्या मुलांचं देवचंद कॉलेज शहराला लागून आहे, तरी ते कोल्हापूर जिल्ह्यात येतं आणि शिवाजी विद्यापीठाशी जोडलेलं आहे. शिक्षणानं ही सीमा कधीच ओलांडली आहे. आरोग्याच्या संशोधनात कोल्हापूरला भागीदार करून घेणं अवघड जाऊ नये.

भाषेचा प्रश्नही इथं टाळता येणार नाही, आणि तो भावनेचा नसून तपासणीच्या अचूकपणाचा आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं मेंदू संशोधन केंद्र कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरात पंचेचाळीस आणि त्यापुढच्या वयाच्या लोकांची स्मृती आणि मेंदू यांचा दीर्घ अभ्यास करतं आहे. दहा हजार माणसांचं त्याचं उद्दिष्ट आहे. आपल्याच राज्यात, खेड्यातच हे चाललं आहे, याहून चांगलं उदाहरण नाही. पण तिथलं तपासणीचं साहित्य खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात तसंच्या तसं चालणार नाही. जिनं आयुष्यभर घरात मराठी वापरली, जंगलात कोकणी ऐकली आणि कचेरीपुरती कन्नड, अशा आजीला परक्या भाषेत शब्दांची यादी पाठ करायला सांगितली आणि ती अडखळली, तर तिला स्मृतिभ्रंश झाल्याची नोंद होईल. शाळेत न गेलेल्या माणसाला घड्याळाचं चित्र काढायला लावलं, तरी तेच. राणी चन्नम्मा विद्यापीठात कन्नड विभाग आहे, मराठी विभाग आहे. या दोन विभागांतल्या माणसांनी न्यूरॉलॉजिस्टबरोबर बसून इथल्या बोलीतली, इथल्या वस्तूंची, न शिकलेल्यांनाही न्याय देणारी चाचणी तयार केली, तर ती फक्त बेळगावच्याच कामी येईल असं नाही. दोन भाषांच्या काठावर राहणारी माणसं देशभर आहेत.

असं काम होतं का? होतं. पुणे जिल्ह्यात वढू इथं डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. पुढं केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रानं तिथल्या बावीस गावांतल्या प्रत्येक जन्माची, मृत्यूची, स्थलांतराची नोंद ठेवायला सुरुवात केली, आणि २००७ मध्ये तिथल्या पन्नाशीपुढच्या पाच हजारांहून अधिक माणसांची पाहणी जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा भाग झाली. आधी नोंदवही होती, म्हणून म्हाताऱ्यांपर्यंत पोचता आलं.

गडचिरोलीची गोष्ट तर आपल्या कामाच्या अगदी जवळची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' जगाला माहीत झाली ती घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याच्या पद्धतीमुळे. पण गावात मृत्यूच्या नोंदी ठेवणारे आरोग्यदूत होतेच. त्या बळावर डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतले मृत्यू तपासले आणि २०१५ मध्ये दाखवलं की तिथं माणसं सर्वाधिक मरतात ती पक्षाघातानं. दर सात मृत्यूंपैकी एक. खेड्यात लकवा हे मृत्यूचं पहिलं कारण असेल, असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. बाळांसाठी उभी केलेली व्यवस्था आजी-आजोबांच्या मृत्यूचं कारण सांगून गेली. बेळगावमध्येही जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या महिला व बाल आरोग्य संशोधन विभागाकडे खेड्यातल्या गरोदर बायकांच्या अनेक वर्षांच्या नोंदी आहेत, घरोघर ओळख असलेल्या नर्सबाई आणि आशाताई आहेत. गडचिरोलीनं जे वळण घेतलं, ते इथं घ्यायला अडचण कसली?

दूरचं एकच उदाहरण. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी निपाणीच्या महामार्गावर बसले होते. त्याच वर्षी फिनलंडच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेनं नगरपालिकांच्या सहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची नोंद सुरू केली. वय ४४ ते ५८. त्यात सफाई करणारे, स्वयंपाकी, परिचारिका, कारकून, सगळे. 'तुमची काम करण्याची ताकद आज किती आहे?' असा साधा प्रश्न त्यांना विचारला आणि २००९ पर्यंत त्याच माणसांचा माग ठेवला. पन्नाशीच्या आसपास ज्यांची ही ताकद खालावली होती, ते म्हातारपणी अधिक परावलंबी झाले आणि लवकर गेले. हा अभ्यास एका प्रश्नावलीवर, चिकाटीवर आणि न बदललेल्या नोंदवहीवर उभा राहिला. महागडं यंत्र त्याच्या मुळाशी नव्हतं.

म्हणून मागण्याही साध्याच आहेत. निपाणीच्या बिडी आणि वखार कामगार बायका, बेळगावच्या फाउंड्रीतले कामगार, लोंढ्याचे रेल्वेवाले आणि भोवतालच्या जंगलगावांतली माणसं, अशा पंचेचाळीस वर्षांपुढच्या लोकांची पहिली नोंद करा. फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजणं, कानाची तपासणी, हाताच्या मुठीची पकड, खुर्चीतून किती वेळात उठता येतं, रक्तदाब, साखर, स्मृती. एवढं खेड्यात करता येतं. दर दोन वर्षांनी पुन्हा त्याच दारात जा. मरण पावलेल्यांचं कारण घरच्यांना विचारून लिहा. आमगाव, कोंगळे, पास्टोली अशा भीमगडच्या जंगलातल्या गावांना पावसाळ्याआधी गाठा, कारण जून लागला की तिथून आजाऱ्याला खांद्यावर वाहून आणावं लागतं. संशोधक विद्यार्थी इथलेच घ्या, मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे. पीएच.डी.चा विषय तीन वर्षांत संपतो, ही अडचण खरी आहे. पण नोंदवही केंद्राची ठेवली, तर एकामागून एक विद्यार्थी तीच वही पुढं नेऊ शकतात.

निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकात छापाच, त्यानं आपलं वजन वाढतं आणि वाढायला हवं. त्याआधी मात्र ते निपाणीच्या बायकांच्या बैठकीत आणि लोंढ्याच्या ग्रामसभेत मराठीत आणि कन्नडमध्ये वाचून दाखवा. ज्या बाईच्या फुफ्फुसाचा आकडा निघाला, तिला तो आधी कळावा, पुढची तपासणी कुठं आणि किती खर्चात होईल हे त्याच बैठकीत सांगितलं जावं, आणि खर्च तिच्या ऐपतीबाहेरचा असेल तर तो केंद्रानं उचलावा. केंद्राच्या सल्लागार समितीत एक बिडी कामगार बाई, एक फाउंड्री कामगार आणि एक निवृत्त कीमन यांना जागा असावी, आणि कोणते प्रश्न विचारायचे हे ठरवताना त्यांना प्राध्यापकांइतकंच मत असावं. पहिली बैठक लोंढ्याला ठेवा. बेळगावहून सकाळच्या गाडीनं निघून संध्याकाळी परतता येतं, आणि बसायला जागा ग्रामपंचायत देईल.

कळावे,
लोंढ्याचा एक रहिवासी
लोंढा, ता. खानापूर, जि. बेळगाव